बालकाच्या भीतीचें मोजमाप

बोस्टन येथें १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं ईथरचा जाहीर प्रयोग झाला. पुढील वर्षींच कलकत्त्यासही त्याचा उपयोग होऊं लागला. शस्त्राची वेदना अशा रीतीनें जिंकली गेली, पण तत्पूर्वींची भीति तशीच राहिली. तिच्याकडे शास्त्राचें लक्ष जाण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. न्यूयॉर्कचे डेव्हिड लेव्ही यांनीं १९४५ मध्यें १२४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध करून दाखविलें कीं, शस्त्रक्रियेचा मानसिक आघात अगदीं लहान वयांत अधिक होतो.

परंतु भीति मोजावी कशी? स्पीलबर्गर यांची मुलांसाठीं केलेली प्रश्नावली १९७३ मध्यें निघाली. ती वाचतां येणाऱ्या मुलांपुरतीच. म्हणून येल विद्यापीठांत झीव केन व त्यांचे सहकारी यांनीं निरीक्षणानें मोजण्याची श्रेणी रचली आणि १९९७ मध्यें तिचें सुधारलेलें रूप प्रसिद्ध केलें. हालचाल, आवाज, मुद्रा, सावधपणा आणि आईबापांचा आधार घेण्याची रीत, अशा पांच अंगांनीं निरीक्षक गुण देतो. टॉन्सिल काढलेल्या २४१ मुलांचा अभ्यास याच मंडळींनीं २००६ मध्यें प्रसिद्ध केला. आधीं अधिक भ्यालेल्या मुलांना मागाहून वेदनाही अधिक झाल्या होत्या. या मोजमापाचें महत्त्व एवढ्यावरून कळावें.

श्रेणी पुढें स्पॅनिश, डॅनिश इत्यादि भाषांत गेली. भाषांतर दुसऱ्याकडून मूळ भाषेंत परत करवून ताडून पाहण्याची रीत ब्रिसलिन यांनीं १९७० मध्यें मांडलीच होती. तिनें शब्दांचा मेळ बसतो. वागण्याच्या अर्थाचें काय? आवाजाच्या अंगांत नुसती मान हलविणें ही दुसरी पायरी, मुळींच न बोलणें ही तिसरी आणि मोठा आक्रोश ही सहावी.

आतां खानदेशांतील पारोळ्याचें मूल घ्यावें. तेथील पुष्कळ घरांत अहिराणी चालते; मुलगा तो 'आंडोर', आणि 'करतो' याच्या जागीं 'करस'. ग्रिअर्सन यांनीं १९०७ च्या खंडांत या खानदेशीस भिल्ली भाषांबरोबर बसविलें. इतर कित्येक तिला मराठीची बोली मानतात. पंडितांचें जेथें एकमत नाहीं, तेथें शहरांतील रुग्णालयाची पुस्तकी मराठी ऐकून पांच वर्षांचें मूल गप्प बसलें, तर नवल नाहीं. वडील माणसांपुढें न बोलण्याची घरची शिस्तही त्यास असूं शकेल. श्रेणी मात्र त्याचें मौन भीतीच्या खातीं जमा करील.

म्हणून मौन भीतीचें कीं परक्या भाषेचें, हें ओळखणारें, घरची बोली जाणणारें माणूस जवळ हवें. पुष्कळदां तें दाराबाहेर बसलेली आजीच असते. तिला आधीं दोन शब्द बोलूं द्यावे, आणि मग गुण मांडावे.