मज्जेचं भावंड

मिरजेला मुलाला घेऊन आलेल्या जतच्या आईला डॉक्टर सांगतात, "ताई, याच्या अस्थिमज्जेत रक्त धड तयार होत नाही." तिला शाळेतला मज्जारज्जू आठवतो. "म्हंजे कण्यात बिघाड हाय व्हय?" चूक तिची नाही. मज्जातंतू, मज्जासंस्था असे शब्द घडवताना नसा आणि हाडातला गर आपणच एका नावात कोंबले. मांडीवरचं चार वर्षांचं पोर मात्र 'मज्जा' ऐकून खुदकन हसतं.

रक्त हाडाच्या पोकळीत तयार होतं, हे १८६८ मध्ये नॉयमान आणि बिझ्झोझेरो या शास्त्रज्ञांनी दाखवलं. आयुर्वेदाच्या सात धातूंत मात्र रक्त दुसरं, मज्जा सहावी. सातारा-सांगलीकडं मटणातली नळी पोरांसाठी राखून ठेवतात. ताटावर ठोकून चोखायची ती मज्जाच, पण जेवताना तो शब्द कोण काढतो? आपले वाक्प्रचारही हाडीमाशी खिळून थांबतात, हाड फोडून आत शिरत नाहीत.

पोराची मज्जा म्हणजे फारसी 'मझा', चव. लाडानं तिचा ज दुप्पट झाला, आणि तो ज 'जत्रे'तला. हाडातल्या मज्जेचा 'जीवा'तला. दिसायला जुळ्या, नात्यानं परक्या. उलट 'मगज' बघा. मगजमारीतला, मगजबीतला. मज्जेशी चेहरेपट्टी अजिबात जुळत नाही, तरी सख्खं भावंड तोच: फारसी 'मग्ज' आणि संस्कृत 'मज्जन्' एकाच मुळाचे. फारसीत मग्ज म्हणजे मेंदूही आणि हाडातला गरही. जतच्या आईचा घोटाळा भलताच जुना निघाला!

डॉक्टरांनाही असंच नातं शोधावं लागतं. मामाची मुलगी करणं इकडं घरचंच; पण रक्त धड तयार होऊ न देणाऱ्या थॅलेसेमिया या आनुवंशिक आजाराचे वाहक नवरा-बायको दोघंही असले, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याचा चारात एक धोका. मग दर तीन-चार आठवड्यांनी 'रक्त भरायला' यायचं. मज्जाच बदलायची तर आधी सख्खी भावंडं तपासतात. तिथंही पूर्ण जुळायची शक्यता चारात एक, आणि नाकडोळे सारखे असण्याचा काही उपयोग नाही. बहिणीची जुळली, तर तिच्या कमरेच्या हाडातून सुईनं ओढून ती भावाच्या शिरेत सोडतात, रक्ताच्या पिशवीसारखीच. ती आपसूक हाडात जाऊन रुजते. दोघांचे रक्तगट वेगळे असले, तर काही महिन्यांत भावाचा गट बदलून बहिणीचा होतो.