भीती परभणीची, कथा पुण्या-मुंबईची

दिवाळीत अंगावर काटा आणणारी गोष्ट बहुधा कुणीतरी ऐन उन्हाळ्यात, घाम पुसत लिहिलेली असते. दिवाळी अंकांचं पंचांगच निराळं. गुढीपाडव्याच्या आगेमागे संपादकांची निमंत्रणं निघतात, पावसाळा लागला की कथांचे लिफाफे येऊ लागतात, आणि श्रावण-भाद्रपदात जुळणी, मुद्रितं, चित्रं, जाहिराती यांची धांदल उडते. भुताला अमावास्येची वाट पाहावी लागत असेल, भयकथा लिहिणाऱ्याला मात्र संपादकाच्या मुदतीची.

मराठी भयकथेचं घर हे असं वर्षातून एकदाच उघडणारं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी वाचकाला फराळाबरोबर कथा वाचायची सवय लागली. गूढ आणि भीतीला त्यात हक्काची जागा मिळाली ती पुढे. अनंत अंतरकरांनी १९४६ साली ‘हंस’ सुरू केला, मग त्याला ‘मोहिनी’ आणि ‘नवल’ ही भावंडं आली. त्यातलं ‘नवल’ तर साहस, रहस्य, अद्भुत आणि भय यांच्यासाठीच ओळखलं गेलं. त्यानंतर ‘धनंजय’ने रहस्य आणि भूतकथेचा वाचक पिढ्यानपिढ्या सांभाळला. नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांची धास्ती घेतलेले वाचक आज आजोबा झाले आहेत.

या अंकांकडे परभणीतून पाहिलं तर चित्र बदलतं.

स्वातंत्र्यापूर्वी परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. राज्यकारभार उर्दूत, विद्यापीठाचं शिक्षण उर्दूत. निजामाचं टपालखातं स्वतःचं, त्याची तिकिटंही स्वतःची. नाणंही निराळं : इथला ‘हाली’ रुपया आणि इंग्रजी मुलखातला ‘कलदार’. सहा कलदारांना सुमारे सात हाली मोजावे लागत. पुण्या-मुंबईच्या मासिकाची वर्गणी भरायची म्हणजे आधी हा हिशेब आला. रेल्वे होती, पण मीटरगेज. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झालेली मनमाड-हैदराबाद लाईन परभणीवरून जात असे आणि मनमाडला रुळांची रुंदी बदले. म्हणजे तिकडून येणारा अंकांचा गठ्ठा आणि इकडून जाणारी कथा, दोन्हींनी मनमाडला गाडी बदलायची. त्यात छापील शब्दावर सरकारची नजर. आ. कृ. वाघमारे यांच्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकाची कथा प्रसिद्धच आहे. मराठवाड्याच्या नावाने निघणारं हे पत्र छापलं जाई पुण्यात, संस्थानात त्यावर बंदी येई, आणि वाघमारे नाव बदलून ते पुन्हा काढत.

अशा मुलखात बसून लिहिणारा माणूस कसा असतो, त्याचं उत्तर परभणीकर एका नावात देतात : बी. रघुनाथ. भगवान रघुनाथ कुलकर्णी. जन्म १९१३ साली, परभणी जिल्ह्यातल्या सातोन्याचा. पोटासाठी निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकुनी आणि उरलेल्या वेळात कविता, कथा, कादंबऱ्या. ‘जगाला कळले पाहिजे’, ‘आडगावचे चौधरी’ ही त्यांच्या कादंबऱ्यांची नावं. १९५३ च्या सप्टेंबरात, चाळिशीतच, कचेरीत काम करता करता ते गेले. त्यांनी भयकथा लिहिल्या नाहीत. पण गावातल्या वाड्यांमधली घुसमट, गढीवरच्या घराण्यांचा ऱ्हास, रझाकारांच्या काळातली दहशत हे सगळं मराठवाड्यातून कागदावर उतरू शकतं, हे त्यांनी दाखवून दिलं. भयकथेला लागणारी जमीन ती हीच.

मराठी भयकथेचा भूगोल मात्र फार वर्षं कोकणाकडे झुकलेला राहिला. पावसाची झड, माजघरातला अंधार, माडाच्या सावल्या, वेशीवरचा वेताळ. हे सगळं इतकं रुळलं की भूत म्हटलं की ते सावंतवाडी किंवा राजापूरकडचंच, असा समज झाला. परभणीची भीती कोरडी आहे. काळ्या रानात उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा, दुधना-पूर्णेची रोडावलेली पात्रं, पडक्या गढ्या, भिंतीतली बळदं, जमिनीखालची पेवं. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यात यादवकालीन मंदिरांचे अवशेष गावभर पसरलेत. जिथे जमिनीतून कोरीव दगड निघतो, तिथे गुप्तधनाची गोष्ट आपोआप उगवते. धन पुरलेलं, त्यावर राखण बसलेली, आणि राखणदाराला काहीतरी द्यावं लागतं. गावोगाव सांगितल्या जाणाऱ्या या गोष्टीचं सगळ्यात भीषण रूप परभणीने गोष्टीत नव्हे, प्रत्यक्षात पाहिलं.

१९७२ साल. राज्यात दुष्काळ. त्याच वर्षी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं. माती, बियाणं, पाणी यांचा शास्त्रशुद्ध विचार करणारी संस्था जिल्ह्याच्या ठिकाणी आली. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, तिथून जवळच्याच मानवतमध्ये, खून सुरू झाले. १९७४ च्या जानेवारीपर्यंत दहा बळी गेले. सगळ्या स्त्रिया आणि मुली. त्यांतल्या पाच जणी दहाएक वर्षांच्या, एक तर तान्ही. सरकार पक्षाची मांडणी अशी होती की वाड्यातल्या पिंपळावरच्या मुंजाला प्रसन्न करून अपत्य आणि गुप्तधन मिळवण्यासाठी हे बळी दिले गेले. तपासासाठी मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांच्यासारखे गुन्हे अन्वेषणातले नावाजलेले अधिकारी आले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा १९७७ चा निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात : माफीच्या साक्षीदाराच्या शब्दावर किती भिस्त ठेवावी आणि शिक्षा सुनावण्याआधी आरोपीचं म्हणणं कसं ऐकावं, यासाठी. मानवतचं नाव कायद्याच्या पुस्तकात गेलं ते असं.

साहित्यात आणि पडद्यावर मात्र ते वेगळ्या वाटेने गेलं. या प्रकरणावर बेतलेला ‘आक्रीत’ हा चित्रपट १९८१ साली आला. दिग्दर्शक अमोल पालेकर, पटकथा विजय तेंडुलकरांची. फ्रान्समधल्या नांत इथल्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यानंतर रमाकांत कुलकर्णींच्या आठवणींचं पुस्तक आलं, तेही इंग्रजीत. त्या पुस्तकावरून २०२४ च्या ऑक्टोबरात ‘मानवत मर्डर्स’ ही वेब मालिका आली, आशुतोष गोवारीकर आणि मकरंद अनासपुरे यांच्यासह. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ‘मुंज्या’ नावाचा हिंदी चित्रपट गाजला होता. त्यातला मुंजा कोकणातला आणि बराचसा हसवणारा. एकाच वर्षी एका मुंजाने तिकीटबारी भरली आणि दुसऱ्याच्या नावावरचे दहा जीव पडद्यावर मोजले गेले. परभणीच्या वाट्याला दुसरा आला, आणि त्याचीही सर्वांत गाजलेली रूपं बाहेरच्यांनीच घडवली. दोष त्यांचा नाही. तेंडुलकरांनी जे केलं ते जबाबदारीनेच केलं. पण जिथे घडलं तिथल्या बोलीत, तिथल्या माणसाच्या नजरेतून ते उतरलं असतं तर त्याची धग वेगळी असती, हे नाकारता येत नाही.

मग तिथल्या माणसाने काय करायला हवं होतं? कथा पाठवायला हवी होती. आणि पाठवणं हेच तर सगळ्यात अवघड काम. कागदाच्या एकाच बाजूला, सोडलेल्या समासासह, सुवाच्य अक्षरात लिहा. परतीचं तिकीट लावलेलं पाकीट जोडा. आणि ते पाकीट ‘साभार परत’ घेऊन दारात येईल या तयारीत राहा. मोठ्या शहरात राहणारा लेखक संपादकाच्या कचेरीत डोकावू शकतो, चहा पिऊ शकतो. लांबच्या लेखकाकडे फक्त पोस्टमन. तरीही पत्राने काय साधतं याचा नमुना मराठीतच आहे. धारवाडचे जी. ए. कुलकर्णी गर्दी टाळणारे, सभा-संमेलनांपासून दूर राहणारे. पुण्यातले अनंत अंतरकर आणि ते यांच्यातलं नातं टपालातून वाढलं. अनंतरावांचे पुत्र आनंद अंतरकरांनी त्यावर ‘एक धारवाडी कहाणी’ हे पुस्तकच लिहिलं. संपादक चांगला असेल तर अंतर आड येत नाही, इतकं त्यावरून नक्की म्हणता येतं.

नाव आड येतं ते कधी उलट्या बाजूनेही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते होते जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी फिरवलेली आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून हस्तलिखित पत्नीच्या हातचं. प्रसिद्ध माणसाला नाव लपवून निवाडा हवा होता. जिंतूर-सेलूच्या अनोळखी लेखकाला नाव लपवण्याची गरज नव्हती, ते कुणाला ठाऊकच नव्हतं. निवाडा त्यालाही तसाच निखळ मिळायला हवा, एवढंच.

सातासमुद्रापलीकडे भयकथेच्या लोकांनी यावर एक उपाय शोधला होता. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्सचा एच. पी. लव्हक्राफ्ट १९१४ पासून हौशी पत्रकारांच्या मंडळात होता. हे लोक स्वतःच्या खर्चाने चार-आठ पानं छापत आणि एकमेकांना टपालाने धाडत. त्याची ‘डेगन’ ही कथा १९१९ साली अशाच एका हौशी अंकात आली. १९२३ मध्ये ‘वीअर्ड टेल्स’ निघालं तेव्हा त्याने पाच कथा पाठवल्या, त्याही स्वतःच्याच कथांना नावं ठेवणाऱ्या पत्रासह. संपादकाने कळवलं, ओळींत जागा सोडून पुन्हा टंकलिखित करा. लव्हक्राफ्टने कंटाळून एकच कथा पुन्हा टंकली. भयकथेचा आजचा दरारा अशा आळसातूनही वाचला हे विशेष.

महाराष्ट्रात पानं स्वतः काढायचं धाडस झालं, पण ते कवितेच्या आणि बंडाच्या बाजूने. १९५४-५५ च्या सुमारास दिलीप चित्रे आणि मित्रांचं सायक्लोस्टाइल ‘शब्द’, १९६३ मध्ये अशोक शहाणे यांचं ‘असो’, पुढे राजा ढाले यांचं ‘येरू’, आणि मराठवाड्यात औरंगाबादहून भालचंद्र नेमाडे यांचं ‘वाचा’. १९६९ साली तर ‘सत्यकथे’चा अंकच जाळला गेला. या मंडळींना भुताखेतांत रस नव्हता, त्यांचा शत्रू जिवंत होता. त्यामुळे भयकथेला स्वतंत्र, बिनभांडवली कागद मिळाला नाही; ती दिवाळी अंकाच्या आणि भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयाच्या आधारानेच जगली. धारपांच्या पुस्तकांची पानं गळेपर्यंत ती हातोहात फिरली आणि त्यांच्याच एका कथेचं बीज घेऊन राही अनिल बर्वे यांनी २०१८ साली ‘तुंबाड’ केला. तोही गुप्तधनाचाच, पण पुन्हा कोकणातला.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, आणि त्या वर्षाअखेर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. नरबळी, अघोरी प्रथा, गुप्तधनाच्या नावाखालची छळणूक हे सगळं आता थेट गुन्हा आहे. काही लोकांना वाटतं, भयकथा आणि अंधश्रद्धा एकाच थाळीतल्या. ते खरं नाही. चांगली भयकथा मुंजावर विश्वास ठेवायला सांगत नाही. मुंजाच्या नावाने माणूस काय करू शकतो, ते दाखवते. मानवतवर लिहायचं तर पिंपळावरून सुरुवात करून चालणार नाही. मरणाऱ्या मुलींची नावं, दुष्काळात कामावर गेलेल्या आया, आणि सगळं कळूनही गप्प बसलेली गल्ली, इथून सुरुवात करावी लागेल.

आता मनमाडला गाडी बदलावी लागत नाही. परभणीतला लेखक मोबाइलवर युनिकोडमध्ये कथा टंकतो आणि मेलने धाडतो. हस्तलिखिताची दुसरी प्रत करायला कार्बन लागत नाही. छोट्या गटांचे पीडीएफ अंक निघतात, ऐकण्याच्या कथांना श्रोते मिळतात. निमंत्रणं अजूनही उन्हाळ्यातच निघतात, शब्दमर्यादा आणि मुदत आधी वाचून घ्यावी लागते, आणि कथा परत आलीच तर ती पुढच्या अंकाच्या पत्त्यावर टाकता येते, पाकिटावर तिकीट न लावता.