प्रार्थना आणि परिश्रम : इजिप्तच्या वाळवंटातील ख्रिस्ती वैराग्यांची परंपरा

तारण जर देवाच्या कृपेने, म्हणजे माणसाच्या पात्रतेवर अवलंबून नसलेल्या त्याच्या दानाने मिळते, तर माणसाच्या स्वतःच्या प्रयत्नांना काय अर्थ उरतो, आणि देवाला जे आधीच ठाऊक आहे ते त्याच्यापुढे मांडण्याचे, म्हणजे प्रार्थनेचे, प्रयोजन काय, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मविचाराला आरंभापासून पडलेला आहे. पाचव्या शतकात लॅटिन भाषिक धर्मपंडितांनी त्यावर मोठा वाद घातला. परंतु त्याआधीच इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या ख्रिस्ती वैराग्यांनी त्याचे उत्तर आपल्या दिनक्रमातून शोधले होते. ते उत्तर समजून घेतल्यावाचून पुढील वादाचे मर्म कळत नाही.

इ. स. २७० च्या सुमारास अँथनी नावाच्या तरुणाने वडिलोपार्जित जमीन सोडून एकांतवास पत्करला. ३५६ मध्ये तो मरण पावला, तोपर्यंत हजारो लोक त्याच वाटेला लागले होते. दक्षिण इजिप्तमध्ये पाखोमियसने समान नियमांनी बांधलेले मठ उभारले, तर आलेक्झांड्रियाच्या दक्षिणेकडील नायट्रिया आणि त्याहून दुर्गम असलेल्या स्केटिस या भागांत ३३० च्या सुमारापासून सुटेसुटे राहणाऱ्या साधकांच्या वसाहती निर्माण झाल्या. चौथ्या शतकाच्या अखेरीस तेथे राहिलेला पॅलेडियस हा लेखक नायट्रियातील वैराग्यांची संख्या सुमारे ५,००० सांगतो. त्यांच्यासाठी सात भटारखाने होते, सर्वजण तागाच्या कापडाचे काम करीत, आणि पाहुण्याला पहिला आठवडा विश्रांती घेऊ देऊन नंतर बागेत, भटारखान्यात किंवा स्वयंपाकघरात कामाला लावले जाई. दुपार कलली की घराघरांतून स्तोत्रांचे, म्हणजे बायबलमधील उपासनागीतांचे, सूर ऐकू येत, असेही तो नमूद करतो.

स्केटिसमध्ये साधक आठवडाभर आपापल्या खोपटात राहत आणि शनिवार-रविवारी उपासनेसाठी एकत्र येत. त्यांचे मुख्य काम झावळ्यांचे होते. खजुरीच्या झावळ्या पाण्यात भिजवून मऊ करायच्या, त्यांच्या पट्ट्या काढायच्या, त्यांचे दोर वळायचे, टोपल्या आणि चटया विणायच्या, आणि विक्रीतून आलेल्या पैशात भाकरीची सोय करून उरलेले गरिबांना द्यायचे, असा हा व्यवहार होता. बादशहाच्या मुलांचा शिक्षक होता असे परंपरा ज्याच्याविषयी सांगते, तो आर्सेनियस झावळ्या भिजवण्याचे पाणी वर्षातून एकदाच बदली. राजवाड्यात उपभोगलेल्या सुगंधांची भरपाई म्हणून आता ही दुर्गंधी सोसली पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. या कामाचा विशेष असा की हात गुंतलेले असतानाही तोंड आणि मन मोकळे राहत असे, त्यामुळे पाठ असलेली स्तोत्रे म्हणत वीण पुढे नेता येई. अँथनीविषयीच्या एका कथेत मरगळीने आणि विचारांच्या गर्दीने त्रासलेल्या त्याला आपल्यासारखाच एक पुरुष दिसतो. तो बसून दोर वळतो, उठून प्रार्थना करतो आणि पुन्हा दोर वळायला बसतो. तारणाचा मार्ग हाच, असा बोध अँथनीला त्यातून होतो.

मात्र ही सांगड सर्वांना मान्य नव्हती. त्याच शतकात सीरिया आणि आशिया मायनरमध्ये मेसालियन, म्हणजे ‘प्रार्थना करणारे’, या नावाने ओळखला जाणारा एक प्रवाह पसरला. त्याची माहिती प्रामुख्याने विरोधकांच्या लेखनातून मिळत असल्याने ती जपूनच वाचावी लागते. तरी प्रत्येक जिवात वसणारा दुष्टात्मा केवळ अखंड प्रार्थनेने दूर होतो आणि म्हणून साधकाने अंगमेहनतीचे काम करू नये, असे मत त्यांच्या नावावर नोंदलेले आहे. ४३१ च्या इफिससच्या धर्मपरिषदेने, म्हणजे बिशपांच्या सर्वोच्च सभेने, या मताचा निषेध केला. वैराग्यांच्या आठवणींच्या संग्रहात अशाच विचाराचे काही साधक लूसियस नावाच्या वडीलधाऱ्या तपस्व्याला भेटतात. आपण हाताने काम करीत नाही, अखंड प्रार्थना करतो, असे ते सांगतात, तेव्हा जेवताना आणि झोपताना तुमच्या वतीने प्रार्थना कोण करतो, असे तो विचारतो. त्यांच्याकडे उत्तर नसते. मग तो स्वतःची रीत सांगतो : दिवसभर दोर वळताना क्षमेची याचना करायची, मिळालेल्या सोळा नाण्यांपैकी दोन दाराशी दान म्हणून ठेवायची, आणि ती उचलणारा दात्यासाठी देवाला विनवील, म्हणजे जेवणा-झोपेच्या वेळीही प्रार्थनेत खंड पडणार नाही. प्रेषित पौलाने आपल्या पत्रांत अखंड प्रार्थनेचा आणि स्वकष्टाने पोट भरण्याचा असे दोन्ही उपदेश केले होते. ते एकमेकांच्या आड येत नाहीत, हे येथे आचरणातून सिद्ध झाले.

काम केवळ पोटासाठी नव्हते, हे पौल याच नावाच्या एका वैराग्याच्या उदाहरणावरून दिसते. त्याची गुहा वस्तीपासून सात दिवसांच्या वाटेवर होती, त्यामुळे टोपल्या बाजारात पोहोचवण्याचा खर्च त्यांच्या किमतीपेक्षा अधिक झाला असता. तरीही तो रोज नेमून घेतलेले काम पूर्ण करी आणि वर्षाअखेरीस गुहा भरली की सगळा माल जाळून टाकी. ही हकिकत नोंदवणाऱ्या जॉन कॅसियनच्या मते मन एका ठिकाणी ठरावे आणि आळसावर मात व्हावी, हाच त्या श्रमाचा हेतू होता. त्या श्रमाला बाजारात मोल नव्हते आणि त्यावर देवाकडे हक्क सांगण्याचाही विचार नव्हता, म्हणूनच तो प्रार्थनेच्या इतक्या जवळ जाऊ शकला.

लॅटिन जगात हा प्रश्न अधिक टोकदार झाला. उत्तर आफ्रिकेतील कार्थेजमधील काही साधक पेरणी-कापणी न करणाऱ्या आकाशातील पाखरांविषयीच्या येशूच्या वचनाचा आधार घेऊन काम टाळू लागले, तेव्हा ४०० च्या सुमारास धर्मपंडित ऑगस्टीनने वैराग्यांच्या श्रमावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि कारागीर गाणी म्हणत काम करतात, तर साधकांनी स्तोत्रे म्हणत का करू नये, असा प्रश्न केला. तोच ऑगस्टीन पुढे पेलाजियसच्या विरोधात उभा राहिला. मूळ ब्रिटनच्या या उपदेशकाच्या मते देवाने दिलेल्या इच्छास्वातंत्र्याच्या बळावर माणूस पापापासून दूर राहू शकतो. हे खरे मानले तर मोहापासून रक्षणाची प्रार्थना निरर्थक ठरते, असा ऑगस्टीनचा आक्षेप होता. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसची शिकवण नाकारली.

इजिप्तमध्ये बरीच वर्षे राहून मार्सेला स्थायिक झालेल्या कॅसियनने ४२० नंतरच्या दशकात लिहिलेल्या संवादांत वाळवंटाचा अनुभव या वादात आणला. नांगरट आणि पेरणी कितीही कसून केली तरी वेळेवर पाऊस न झाल्यास शेतकऱ्याच्या हाती काही लागत नाही आणि जमीनच न नांगरणाऱ्याला पावसाचाही उपयोग होत नाही, हे त्याने दिलेले उदाहरण सर्वश्रुत आहे. देवाकडे तत्काळ मदत मागणारी ७० व्या स्तोत्रातील एक छोटी याचना दिवसभर, काम करतानाही, म्हणत राहावी, असे तो दुसऱ्या एका संवादात सुचवतो. प्रार्थनेचे प्रयोजन त्यातून स्पष्ट होते : देवाला माहिती पुरवणे हा तिचा हेतू नसून आपल्या प्रयत्नांनाही आधार लागतो हे साधकाने क्षणोक्षणी मान्य करावे, यासाठी ती आहे. सत्प्रवृत्तीचा आरंभ कधी कधी माणसाकडूनही होऊ शकतो, या कॅसियनच्या मतावर टीका झाली आणि ५२९ मध्ये ऑरेंजच्या परिषदेने तो आरंभही कृपेचाच असल्याचे ठरवले. परंतु त्या परिषदेनेही माणसाला परिश्रमातून मुक्त केले नाही. कृपा लाभलेल्यांनी निष्ठेने श्रम करावेत, असेच तिने बजावले.

त्याच शतकात इटलीत बेनेडिक्टने लिहिलेल्या नियमावलीत उपासना, वाचन आणि अंगमेहनत यांच्या वेळा ऋतूनुसार आखून दिलेल्या आहेत. पिके गोळा करण्याची पाळी स्वतःवर आली तर कुरकुर करू नये, कारण स्वकष्टाने जगणारेच पूर्वसूरींसारखे खरे साधक होत, असे तो सांगतो आणि कॅसियनचे संवाद मठात वाचण्याची शिफारस करतो. सिद्धान्ताच्या पातळीवर कृपेला अग्रस्थान मिळाले, तरी जीवनाच्या पातळीवर स्केटिसची रीतच पश्चिमेच्या मठांत रुजली. प्रार्थनेवाचून परिश्रमाचे रूपांतर अहंकारात होते आणि परिश्रमावाचून प्रार्थना दुसऱ्याच्या कष्टांवर जगू लागते, ही त्या वैराग्यांची शिकवण आहे. ती कोणत्याही परिषदेच्या ठरावाइतकीच मोलाची मानली पाहिजे, कारण श्रद्धेची पारख रोजच्या व्यवहारात होते, हे तिने ख्रिस्ती परंपरेला शिकवले.