मधमाश्यांचा हिवाळा: लाकूड की थर्माकोल?

गेल्या ऑक्टोबरात एडमंटनमधल्या आमच्या शेजारच्या काकांनी विचारलं, "पुढच्या वर्षी परसात दोन मधपेट्या ठेवायच्या म्हणतोय. लाकडाच्या घेऊ की थर्माकोलच्या?" काकूंचा लगेच आक्षेप, "तिकडे २०१८ मध्ये थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली, आणि तुम्ही इथे तेच अंगणात आणणार?" माझं संशोधन शेतीच्या इतिहासावर, त्यामुळे उत्तर द्यायला मला पावणेदोनशे वर्षं मागे जावं लागलं.

आजची लाकडी पेटी लँगस्ट्रॉथ या अमेरिकन धर्मोपदेशकाची. पोळ्याभोवती साधारण ३/८ इंच मोकळी जागा सोडली, तर माश्या ती मेणाने बुजवत नाहीत, हे त्यांनी १८५१ मध्ये ओळखलं. १८५२ मध्ये पेटंट घेतलं. त्यामुळे पोळं न मोडता चौकटी उचलता येऊ लागल्या. ही सोय मात्र माणसाची होती. पेटीची भिंत ठरली पाऊण इंचाची, वखारीत सहज मिळणाऱ्या फळीएवढी. माशीचं मूळ घर म्हणजे झाडाची जाडजूड ढोली. ब्रिटनमधल्या डेरेक मिचेल यांनी २०१६ मध्ये गणित मांडलं, की नेहमीच्या पेट्यांमधून ढोलीच्या चार ते सातपट उष्णता बाहेर जाते.

मधमाश्या हिवाळ्यात झोपत नाहीत. त्या एकमेकींना बिलगून गोळा करतात आणि पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवून ऊब निर्माण करतात. या शेकोटीचं सरपण म्हणजे मध. मध जळला की वाफ तयार होते, ती गार झाकणाला लागून पाणी होते आणि माश्यांवर ठिबकते. कोरडी थंडी त्या बऱ्यापैकी सोसतात, पण भिजल्या की मरतात. अमेरिकन कृषी खात्यातल्या फिलिप्स आणि डेमथ यांनी पेटीच्या आतलं तापमान मोजून १९१४ मध्ये अहवाल काढला. पारा साधारण १४ अंशांखाली गेला की गोळा बांधायला सुरुवात होते, हे त्यात नोंदलेलं आहे. पेट्यांना बाहेरून जाड आवरण घाला, असा त्यांचा आग्रह होता.

पण आमच्या कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांनी वेगळाच हिशेब केला. हिवाळाभर माश्या जो मध खाणार, तो विकला तर? मग कित्येक मधपाळ शरद ऋतूत मध काढून घेत, माश्यांना विषारी वायूने मारत आणि वसंतात कॅलिफोर्नियाहून नव्या माश्या मागवत. अनेक दशकं हे राजरोस चाललं. अशा व्यवहारात भिंत किती जाड हवी, हा प्रश्नच उरत नाही. १९८७ मध्ये परजीवी माइटच्या भीतीने कॅनडाने अमेरिकेतून येणाऱ्या माश्यांना सीमा बंद केली, आणि माश्या जगवणं भाग पडलं. कोणी पेट्या ४-५ अंशांच्या अंधाऱ्या, हवेशीर कोठारात ठेवू लागले, कोणी चार-चार पेट्या एकत्र गुंडाळू लागले. पेट्या बहुतेक लाकडाच्याच राहिल्या. कोठारात जाड भिंतीचा फारसा उपयोग नाही, आणि ट्रकवर चढ-उतारासाठी लाकूड दणकट.

थर्माकोलची पेटी वाढली ती युरोपात. जर्मनीत सेगेबर्गच्या नावाची पेटी प्रसिद्ध आहे आणि फिनलंडमध्ये अशा पेट्या सर्रास दिसतात. मखराच्या थर्माकोलपेक्षा हा माल बराच घट्ट असतो. तेवढ्याच जाडीच्या पाइन लाकडापेक्षा तो उष्णता तीन-चारपट चांगली अडवतो आणि वजनालाही हलका. एका अर्थी ही ढोलीकडे परत जाण्याची वाट आहे, फक्त साहित्य कारखान्यातलं. दोषही आहेत. उन्हाने तो झिजतो, म्हणून रंग लावावा लागतो. उंदीर, मुंग्या पोखरतात. आणि फाउलब्रूडसारखा रोग शिरला तर लाकूड आतून ज्योतीने भाजून शुद्ध करता येतं, थर्माकोल नाही.

म्हणून काकांना सांगितलं, तुमच्याकडे कोठार नाही, ट्रक नाही. दोनच पेट्या उणे ३० मध्ये उघड्यावर उभ्या राहणार. थर्माकोलच्या घ्या. लाकडाच्याच हव्या असतील तर चारही बाजूंनी आवरण घाला, आणि सर्वांत जाड थर झाकणावर द्या, म्हणजे पाणी ठिबकणार नाही. वर्षानुवर्षं माश्या मरू दिल्या गेल्या, त्यात दोष लाकडाचा कमी आणि हिशेबाचा जास्त होता. पेटी कुठलीही असो, हिवाळ्यापुरता मध माश्यांसाठी ठेवायचा, हे आधी ठरवा.

काकूंचा आक्षेप मला खोडता आला नाही. त्या थर्माकोलला तयार झाल्या, पण एका अटीवर. मखरासारखी दहा दिवसांत फेकायची नाही, निदान वीस वर्षं वापरायची.