शोधनिबंधांचे दार कोणी उघडले?

इ. स. १६६५ मध्ये पॅरिस आणि लंडन या दोन शहरांत अवघ्या दोन महिन्यांच्या अंतराने विद्वानांची पहिली नियतकालिके निघाली. एकाचे संशोधन दुसऱ्याने वाचावे, तपासावे, पुढे न्यावे हा त्यामागचा हेतू. हेतू पुढेही तोच राहिला, पण दाराशी तिकीटबारी आली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बरीच मोठी नियतकालिके खाजगी प्रकाशकांच्या हाती गेली आणि त्यांची वर्गणी ग्रंथालयांना झेपेनाशी झाली. व्यवहार तसा मजेशीरच. प्राध्यापकांनी लिहायचे विनामोबदला, दुसऱ्या प्राध्यापकांनी तपासायचे तेही विनामोबदला, दोघांचा पगार बहुधा सरकारी तिजोरीतून. आणि तेच लिखाण छापून आले की विद्यापीठाने पैसे मोजून विकत घ्यायचे! आमच्या कचेरीत कोणी अशी खरेदी केली असती, तर लेखापरीक्षकाने पहिल्याच दिवशी शेरा मारला असता.

महाजाल आले, कागद आणि टपाल यांचा खर्च वाचला, तेव्हा हे दार उघडण्याची भाषा सुरू झाली. डिसेंबर २००१ मध्ये बुडापेस्टला बैठक भरली आणि १४ फेब्रुवारी २००२ रोजी ‘मुक्त प्रवेशा’चा जाहीरनामा निघाला. २००३ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठाने अशा नियतकालिकांची सूची सुरू केली तेव्हा तीत ३०० नावे होती. आज ती संख्या २०,००० च्या वर आहे. चळवळीचा इतिहास बहुधा बुडापेस्टपासून सांगतात. प्रत्यक्षात ब्राझीलने हे दार त्याआधीच उघडले होते.

१९९७ मध्ये साव पावलो राज्याच्या संशोधन निधी संस्थेने दहा ब्राझिलियन नियतकालिके घेऊन ‘सायेलो’ हा प्रयोग केला. या संस्थेला राज्याच्या करउत्पन्नातला एक टक्का वाटा घटनेनेच दिलेला आहे. त्यामुळे कामाला पाया सरकारी पैशाचा मिळाला आणि वाचकाला सारे फुकट. पोर्तुगीज आणि स्पॅनिश भाषांतले संशोधन इंग्रजी सूचींमध्ये जवळजवळ अदृश्यच होते, ते जगाला दिसू लागले. चिली लगेच सामील झाला. पुढे लॅटिन अमेरिकेतले अनेक देश, स्पेन, पोर्तुगाल, दक्षिण आफ्रिकाही आले.

इंडोनेशियाची गोष्ट वेगळी. तिथे जानेवारी २०१२ मध्ये उच्च शिक्षण खात्याने परिपत्रक काढले, की पदवी हवी असेल तर निबंध प्रसिद्ध झाला पाहिजे. मग विद्यापीठा-विद्यापीठात नियतकालिके निघाली, बहुतेक कॅनडात तयार झालेल्या एका मोफत संगणकप्रणालीवर. लुंडला सुरू झालेल्या त्या सूचीत आज इंडोनेशियाची नियतकालिके दोन हजारांहून अधिक आहेत, इतर कोणत्याही देशापेक्षा जास्त. एका परिपत्रकाने एवढे होते, हे आम्हां कारकुनांना सुखावणारे आहे! मात्र सक्तीने वाढलेल्या पिकात सकस किती, हा प्रश्न उरतोच.

युरोपने तिसरी वाट धरली. ब्रिटनमध्ये २०१२ च्या फिंच समितीने सुचवले, की वाचकाऐवजी लेखकाच्या बाजूने पैसे घ्यावेत. वाचायचे दार उघडले, पण लिहिण्याच्या दाराशी तिकीटबारी गेली. ‘नेचर’ने २०२१ पासून मुक्त निबंधासाठी ठेवलेला दर होता ९,५०० युरो, म्हणजे तेव्हाचे सुमारे आठ लाख रुपये. याच पद्धतीची विषारी फांदी म्हणजे पैसे घेऊन काहीही छापणारी दुकाने. २०१९ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने अशाच एका खटल्यात हैदराबादच्या ओमिक्स कंपनीला पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला.

मग आपण कुठे होतो? आपण ब्राझीलच्याच वाटेवर, तेही वेळेत होतो. रामन यांनी १९३४ मध्ये बंगळूरला स्थापलेल्या विज्ञान अकादमीने आपली नियतकालिके नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून महाजालावर खुली केली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातून १९५५ पासून निघणारे वैद्यकीय नियतकालिक खुले झाले, आणि त्याच शहरातल्या ‘मेडनो’ने लेखक-वाचक दोघांकडूनही काही न घेता अनेक वैद्यकीय नियतकालिके चालवून दाखवली. २०११ मध्ये ‘मेडनो’ एका डच कंपनीने विकत घेतली. आपल्या दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनेही आपल्या शास्त्रज्ञांचे निबंध महाजालावर ठेवण्याची सोय केली.

पण नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. साखळी, केपे, पेडण्याच्या सरकारी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यालाही आता मोठ्या विद्यापीठाइतके वाचता येईल, ही गोष्ट लहान नव्हे. तरी हे दार उघडणे नव्हे. सर्वांची मिळून तिकिटे काढणे आहे. मुदत संपली की पुन्हा तिकीट. आणि निवृत्त शिक्षक, गावचा इतिहास लिहिणारा हौशी अभ्यासक, खाजगी दवाखान्यातला डॉक्टर हे कोणत्याच संस्थेच्या यादीत नाहीत, म्हणून ते बाहेरच.

त्या ६,००० कोटींतला थोडा भाग जरी आपली स्वतःची नियतकालिके, त्यांत मराठी-कोकणीतलीही, नीट चालवायला आणि सर्वांना खुली ठेवायला वळवला असता तर? साव पावलोने एका राज्याच्या बळावर जे सुरू केले, ते आपल्याला अशक्य होते असे मला तरी वाटत नाही.