दोन लगाम

युरिया जास्त पडला की पऱ्हाटी माजते आणि तिच्यावर मावा-तुडतुडे तुटून पडतात, हे नांदेड-लातूरच्या कापूसकऱ्याला सांगावे लागत नाही. लुसलुशीत पान किडीला आवडते, हे खरेच. पण वाढ आणि बचाव यांची ओढाताण झाडाच्या आतही चालते. तिचा धागा हाती आला तो भाताच्या एका रोगातून.

जपानात त्या रोगाला ‘बाकानाए’, म्हणजे ‘वेडे रोप’ म्हणत. रोपे ताडमाड वाढत आणि मरत. १९२६ साली कुरोसावांनी दाखवले, की बुरशी गाळून उरलेल्या द्रावानेही रोपे तशीच वाढतात. त्यातल्या द्रव्याला याबुतांनी १९३५ मध्ये ‘जिबरेलिन’ नाव दिले. पुढे ते निरोगी झाडांचेही संप्रेरक ठरले.

बचावाचे संप्रेरक जास्मोनेट. ‘डेला’ प्रथिने वाढीला लगाम घालतात, ‘जॅझ’ प्रथिने बचावाला. आणि हे लगाम एकमेकांना धरून ठेवतात. जिबरेलिनमुळे डेला मोडले, की मोकळे जॅझ बचाव दाबते. जास्मोनेटमुळे जॅझ मोडले, की मोकळे डेला वाढ रोखते.

मग हे वैर अटळ आहे का? २०१६ मध्ये मिशिगनच्या संशोधकांनी मोहरीच्या कुळातल्या एका तणाची पाच जॅझ जनुके व एक प्रकाशग्राही जनुक निकामी केले. झाड वाढलेही आणि अळीला पुरूनही उरले! २०१८ मध्ये दहा जॅझ जनुके काढली, तेव्हा मात्र वाढ खुंटली, बीही घटले.

नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा ‘एनएचएच-४४’ संकर १९८०च्या दशकात आला, तेव्हा जॅझ हे नावही नव्हते. पैदासकार उत्पन्न आणि किडीपुढचा टिकाव शेतात उभे राहून, डोळ्यांनीच पारखत.