आडवे पान आणि त्याचा समास

पोथी आडवी आणि पुस्तक उभे, हा भेद आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यामागे काही कारण असेल अशी शंकाही मनास शिवत नाही. वस्तुतः पोथीची ही आडवी ठेवण कोणा ग्रंथकाराने किंवा मुद्रकाने ठरविलेली नाही. ती ताडाच्या झाडाने ठरविली. ताडपत्र हातभर लांब, पण रुंदीला अवघी तीन-चार बोटे. त्यावर लांबीच्या अंगानेच ओळी लिहावयाच्या. पाने एकत्र राहावीत म्हणून भोक पाडून दोरी ओवीत, आणि भोकाभोवतीची जागा कोरी सोडीत.

पुढे बाराव्या-तेराव्या शतकांच्या सुमारास पश्चिम भारतातील जैन ग्रंथलेखनात कागद आला. कागद हवा तसा कापता येतो. तरी लेखकांनी त्यास ताडपत्राचाच आकार दिला. दोरीची गरज उरली नाही, पण पानाच्या मध्यभागी भोकापुरती जागा कोरीच राहिली आणि तीत शोभेचा तांबडा ठिपका आला. कारण गेले, मर्यादा मात्र राहिली.

यास केवळ रूढीचा आंधळेपणा म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. पोथीच्या डाव्या-उजव्या अंगांस तांबड्या रेघा ओढून जो समास सोडीत, त्याचे कार्य पाहिले म्हणजे या मर्यादेचे मोल कळते. ग्रंथनामाचे संक्षिप्त रूप समासात, पत्रांक समासात, लिहिताना गळलेले अक्षर किंवा चरणही समासातच. पोथी शिवलेली नसते. पाने सुटी असतात. रुमाल सुटून ती विखुरली तर ग्रंथाचा क्रम पुन्हा लावावयाचा तो मुख्यत्वे समासातील आकड्यावरून. म्हणजे जी जागा रिकामी दिसते, तीच ग्रंथाला ग्रंथ म्हणून धरून ठेवते.

मुद्रणकला आली तेव्हा या मर्यादेची खरी परीक्षा झाली. मराठी मुद्रणाचा आरंभकाळ महाराष्ट्राबाहेर गेला, हे बृहन्महाराष्ट्रातील वाचकांस सांगावयास नकोच. १८०५ साली बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण छापले गेले; एकोणिसाव्या शतकाच्या त्याच पहिल्या दशकात तंजावरास सरफोजीराजांच्या छापखान्यात देवनागरी खिळे जुळविले जाऊ लागले. श्रीरामपूरचे पुस्तक उभे, पाश्चात्त्य वळणाचे. परंतु पारायणाचा ग्रंथ उभ्या पुस्तकात वाचण्याची सवय लोकांस नव्हती. म्हणून जावजी दादाजी यांनी १८६९ साली मुंबईत स्थापिलेल्या निर्णयसागरासारख्या छापखान्यांनी उभ्या पुस्तकांबरोबर आडव्या, सुट्या पानांच्या पोथ्याही छापल्या.

यात एक अडचण होती. पुस्तकाचे पान उजवीकडून डावीकडे उलटते. पोथीचे पान आपल्याकडील कड उचलून पलीकडे उलटावे लागते. त्यामुळे पुढील पृष्ठाचा पायथा तोच मागील पृष्ठाचा माथा होतो. पुस्तकाच्या सवयीने मजकूर लावला तर प्रत्येक पानाची मागील बाजू वाचकासमोर उलटी यावयाची. ज्या मुद्रकांनी पोथी छापली, त्यांस पानाचा आकारच नव्हे तर वाचकाच्या हाताची हालचालही ध्यानात घ्यावी लागली. आज संगणकावरून पोथी छापणाऱ्यासही पान लांब कडेवरून उलटावयाचे की आखूड, हे आधी सांगावे लागते. आखूड कड निवडली की तीच फजिती.

जुन्या पोथ्यांची छायाचित्रे घेण्याचे काम हल्ली अनेक ठिकाणी होत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि मजकूर स्पष्ट आला म्हणजे काम झाले, असे समजून कडा छाटल्या गेल्या तर पत्रांक जाईल, शोधकाने केलेली दुरुस्ती जाईल, आणि मागे राहतील ती क्रमहीन पाने. ताडपत्राची सक्ती संपून शतके लोटली. पण त्या सक्तीने शिकविलेला विवेक आपण सोडू नये. पान कोठे संपते हे ज्यास कळले, त्यासच पानावर काय आहे हे पूर्णपणे कळते.